सोम्यूरला आपल्या ओळखीचं कोणी नाही

अहो, सोम्यूरचं हॉटेल अजून रद्द केलेलं नाही. सोमवारी दुपारपर्यंत मुदत आहे. तुम्हीच फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलंय, खाली दोन रेघा मारून, जसं काही मी वाचणारच नव्हते. आज शनिवार. तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले, आणि येत्या गुरुवारी आपण न्यूअर्कहून पॅरिसला आणि तिथून आगगाडीने फ्रान्समधल्या त्या नदीकाठच्या गावाला जाणार होतो. तीन दिवस. जास्त मागितलेच नव्हते मी.

केतकी काल सकाळच्या विमानाने क्युपर्टिनोला परत गेली. जाताना तिने फाइल हातात घेतली आणि म्हणाली, "आई, जस्ट कॅन्सल इट. डू यू वॉन्ट मी टू कॉल देम?" मी म्हटलं, मी करते. आपल्या लेकीला वाटलं मला रडू येतंय. मला राग येत होता. गेले अठरा दिवस येणारा प्रत्येक जण मला मिठी मारतो आणि म्हणतो, "काकू, रडून घ्या, मोकळ्या व्हा." मोकळी कशी होऊ? तुम्ही भांडण अर्धवट टाकून गेलात. राहिलेलं अर्धं मी कोणाशी भांडू?

तेव्हा ऐका आता. तुम्हाला मधे बोलता येणार नाही, हा एक फायदा.

चौतीस वर्षांच्या संसारात आपण दोघं मिळून एकदाही हॉटेलात राहिलो नाही. "असं कसं, कॉन्फरन्सला गेलो होतो की." तुम्ही गेला होतात. मी घरी होते. आपण मिळून या देशात जिथे जिथे गेलो तिथे कोणाकडे तरी उतरलो. नायगारा बघितला तो बफेलोच्या गोडबोल्यांकडे राहून आणि गोडबोल्यांच्या आईंची व्हीलचेअर ढकलत. वॉशिंग्टन म्हणजे सुळे. बॉस्टन म्हणजे तुमचे कॉलेजातले पेठे, ज्यांच्या सोफाबेडची मधली दांडी माझ्या पाठीला अजून आठवते. तुमच्या रोड ॲटलासात गावागावाशेजारी पेन्सिलीने आडनावं लिहिलेली आहेत. ज्या गावाशेजारी आडनाव नाही तिथे आपण गेलोच नाही. ग्रँड कॅन्यन राहिला तो त्यामुळेच. "ॲरिझोनात आपलं कोण आहे?" असं तुम्ही विचारायचात आणि विषय संपायचा.

कोणाच्या गावात जाऊन हॉटेलात उतरणं म्हणजे तुमच्या लेखी त्या माणसाचा अपमान. "उद्या त्यांना कळलं तर काय तोंड दाखवू?" त्यांना कळणार तरी कसं? तर तुम्हीच फोन करून सांगणार.

मग त्याची परतफेड म्हणून ते सगळे आपल्याकडे. आपलं पार्सिपनी न्यूअर्कच्या विमानतळापासून पाऊण तासावर, त्यामुळे पुण्याहून, नागपूरहून, मुंबईहून येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला मुक्काम आपल्या बेसमेंटमध्ये. कोणाची आई, कोणाचा भाचा, भाच्याचा रूममेट. दोन हजार एक साली नोकऱ्या गेल्या तेव्हाची ती तीन मुलं चार महिने राहिली. त्याच सप्टेंबरात विमानं बंद झाली तेव्हा एक अख्खं कुटुंब नऊ दिवस आपल्या बेडरूममध्ये होतं, ज्यांचं आडनावसुद्धा मला तिसऱ्या दिवशी कळलं. मी कुरकुरले, नाही म्हणत नाही. पण पोळ्या लाटल्या, त्यांच्या आजीच्या गोळ्यांच्या वेळा पाळल्या, आणि निघाले तेव्हा त्या आजींबरोबर मीही रडले. मी माणूसघाणी नाही, हे मला इथे स्पष्ट सांगून ठेवायचंय.

आणि तुमच्या या वेडाचा फायदा मीही घेतलाय, तेही कबूल करते. माझं ऑपरेशन झालं तेव्हा सहा आठवडे घरात चूल पेटली नाही. रोज संध्याकाळी दारात एक डबा. फ्रीजमध्ये दुधाला जागा उरली नव्हती. लॅबमधल्या माझ्या अमेरिकन मैत्रिणी विचारायच्या, "हे सगळे तुझे नातेवाईक?" मी हो म्हणायचे. समजावून सांगायला गेलं तर दिवस पुरला नसता.

पण मला एकदा, फक्त एकदा, तुमच्याबरोबर असं कुठेतरी जायचं होतं, जिथे दार वाजणार नाही. आपण दोघंच. एवढंच सगळ्या भांडणाच्या मुळाशी होतं, आणि एवढंच मी कधी तोंडाने बोलले नाही.

एकदा तसं घडलं होतं, तुम्हाला आठवत असेल. पिट्सबर्गच्या देवळात जाताना पेनसिल्व्हेनियात मधेच गाडी बंद पडली. गॅरेजवाला म्हणाला, पार्ट यायला संध्याकाळ होईल. केतकी तेव्हा कॅम्पला होती. समोर एक खाणावळ होती, तिथे आपण सकाळी दहापासून सहापर्यंत बसलो. पहिला तासभर तुम्ही खिडकीतून गॅरेजकडे बघत चिडचिड केलीत. मग काय झालं कोण जाणे, तुम्ही तुमच्या वडिलांबद्दल बोलायला लागलात. ते बदलीच्या गावाहून पत्र पाठवायचे आणि त्यात तुम्हाला एक वेगळी ओळ असायची, ती ओळ तुम्ही कापून पाकिटात ठेवायचात. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि मला हे ठाऊक नव्हतं. त्या वेट्रेसने आपल्याला पाच वेळा कॉफी दिली, आणि तुम्ही माझ्या ताटातले बटाटे खाल्लेत, न विचारता. मी इतकी सुखात होते की पार्ट येऊ नये असं वाटत होतं. पुढे कोणालाही ती गोष्ट सांगताना तुम्ही म्हणायचात, "अख्खा दिवस वाया गेला." दर वेळी. मी ऐकून घ्यायचे आणि चहा टाकायला आत जायचे.

फ्रान्सचं माझ्या डोक्यात आलं ते विमानतळावरच्या खुर्च्यांमुळे. भारतात जाताना नऊ वेळा आपण पॅरिसला विमान बदललं आणि नऊही वेळा मी फक्त त्या खुर्च्या बघितल्या. दहाव्या खेपेला मी म्हटलं, जाता जाता तीन दिवस इथे उतरू या. तुम्ही बॅगांकडे बोट दाखवलंत. चार बॅगा. त्यात बदाम, व्हिटॅमिनच्या बाटल्या, मेव्हण्याचं ब्लडप्रेशरचं मशीन, तुमच्या बहिणीच्या नातवंडांचे बूट. "हे घेऊन नदीकाठी फिरणार?" शिवाय तीन दिवस इथे घालवले तर ताईंकडचे तीन दिवस कमी होणार, म्हणजे ताई बोलणार. तुम्हाला एकूण तीन आठवडे रजा. त्या रजेतला एक दिवससुद्धा वाटेत खर्च करायचा म्हणजे पाप.

मागच्या वर्षी तुम्ही रिटायर झालात आणि रजेचं कारण गेलं. मी ठाम राहिले. भारताच्या वाटेवर नको, स्वतंत्र जाऊ, एकेक छोटी बॅग. मी लायब्ररीतून फ्रान्सची चार पुस्तकं आणली. तुम्हाला वाटलं मी किल्ले बघतेय. खरं सांगू का? मी युरोपातल्या मराठी लोकांची यादी इंटरनेटवर काढून पुस्तकाशेजारी ठेवली होती. पॅरिसला पुष्कळ. लिऑंला होते. तुलूजला होते, विमानांच्या कारखान्यामुळे. लुआर नदीच्या काठी सोम्यूर नावाचं गाव, वर टेकडीवर पांढऱ्या दगडाचा किल्ला, खाली जुना पूल, आणि मराठी माणूस एकही नाही. म्हणून सोम्यूर. तुम्हाला मी म्हटलं, किल्ला फार सुंदर आहे.

जानेवारीत तुम्ही हो म्हणालात आणि आलेखाचा कागद काढलात. आता सगळे कॉम्प्युटरवर प्लॅन करतात, पण तुम्हाला रकाने हाताने आखल्याशिवाय प्रवास खरा वाटायचा नाही. विमान कितीला, आगगाडी कितीला, तूर नावाच्या गावी गाडी बदलायची आणि त्याला अकरा मिनिटं. अकरा मिनिटांवर तुम्ही दोन आठवडे घालवलेत. जिना असला तर? लिफ्ट बंद असली तर? माझा गुडघा दुखला तर? हॉटेलला पाच ई-मेल केलेत, की खोलीत पाणी गरम करायची किटली आहे का. सोम्यूरचं स्टेशन नदीच्या अलीकडे, हॉटेल पलीकडे, मधे बेट आणि दोन पूल. मी म्हटलं, चालत जाऊ, त्यासाठी तर जायचं. तुम्ही म्हणालात, टॅक्सी. त्यावर तीन दिवस अबोला. जेवणाच्या रकान्यात तुम्ही दशम्या, मेतकूट आणि छोटा राइस कुकर लिहिलात. मी कुकर खोडला. तुम्ही परत लिहिलात. मी परत खोडला, या वेळी पेनाने.

शेवटचा रकाना तुमच्या प्रत्येक प्रवासात असायचा तोच. "कोणाकडे." आयुष्यात पहिल्यांदा तो रिकामा होता आणि त्यात हॉटेलचं नाव लिहायला तुमचा हात धजत नव्हता. बुकिंग झालं, कागद प्रिंट झाले, तरी रकाना कोराच. मी बघत होते. मला वाटलं, होईल सवय.

मार्चमध्ये एका रविवारी तुम्ही बेसमेंटमधून वर आलात, चष्मा डोक्यावर, हातात ई-मेल. "सोम्यूरला आपल्या ओळखीचं कोणी नाही म्हणाली होतीस ना? आहे."

"ओळखीचं नाही. तुम्ही ओळख काढलीत."

"तेच ते."

अकोल्याची अनघा. शेतकी शिकलेली, मशरूमवर संशोधन करायला फ्रान्सला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न करून राहिली. तिथे टेकड्यांच्या पोटात गुहा आहेत, त्यात मशरूम पिकवतात, तिथे तिचं काम. तुम्ही मराठी मंडळाच्या ई-मेल ग्रुपवर विचारलं होतंत, डब्लिनच्या कोणीतरी त्याच्या चुलतबहिणीला कळवलं, तिने तिच्या वर्गमैत्रिणीला. तीन आठवड्यांत तुम्ही अख्ख्या लुआरच्या काठावरून तेवढं एक मराठी माणूस शोधून काढलंत. मी यादी बघून गाव निवडलं, आणि तुम्ही यादीत नसलेलं माणूस आणलंत. मला त्या दिवशी भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

"वरची खोली रिकामी आहे म्हणाली. स्टेशनवर गाडी घेऊन येईन म्हणाली. वरण-भात करीन, साधंच करीन म्हणाली."

"हॉटेल बुक झालंय."

"अगं, चार वर्षांत तिच्या घरी एकही मराठी माणूस आलेलं नाही. आपण हॉटेलात झोपायचं आणि ती पोर दोन मैलांवर वाट बघत बसायची?"

"ती वाट बघतेय कारण तुम्ही तिला वाट बघायला लावलीत."

पण तुमचा मुद्दाही खोटा नव्हता, आणि म्हणूनच माझा जास्त संताप झाला. मग रोज तेच. सकाळी चहाला अनघा, रात्री ताटाला अनघा. मी म्हणायचे, मला दुसऱ्याचा बाथरूम नको, दुसऱ्याचे टॉवेल नकोत. मी म्हणायचे, तुम्ही बाहेर गप्पा मारत बसता आणि मला त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहावं लागतं, मी फ्रान्सला जाऊन पोळ्या लाटणार नाही. हे सगळं खरं होतं. पण ही कारणं नव्हती. कारण एकच होतं, आणि ते माझ्या जिभेवर येऊन परत जायचं. एकोणसाठाव्या वर्षी नवऱ्याला कसं म्हणायचं की मला तुम्ही हवे आहात? आपल्या वेळी कोणी म्हणत नव्हतं. केतकी फोन ठेवताना आपल्या नवऱ्याला, डेव्हिडला, दिवसातून तीनदा म्हणते, जसं आपण "येते हं" म्हणतो तसं. मला ते जमलं नाही. एक-दोनदा तोंड उघडलं तर बेल वाजली. हसू नका, खरोखर वाजली. एकदा सुळ्यांचा मुलगा, एकदा कोणाची तरी विसरलेली बॅग न्यायला आलेलं माणूस.

मग तो मंगळवार. मी जॅकेट घालून उभी, लॅबला उशीर झालेला. तुम्ही उपम्याची बशी पुढे घेऊन, शेजारी अनघाचा नवा ई-मेल.

"निदान एक रात्र तिच्याकडे राहू. शनिवारची. दोन रात्री तुझं हॉटेल."

"नाही."

"पण का? एक कारण सांग."

"दहा सांगितली."

तुम्ही चष्मा काढलात. रागावून नाही बोललात, तेच तर. नुसतं, बऱ्याच दिवसांत ठरवलेलं असावं तसं म्हणालात, "तुला माणसंच नको असतात. पहिल्यापासून."

माझ्या हातात गाडीची किल्ली होती. मी एक मिनिट थांबले असते तर? लॅब कुठे पळून जाणार होती? पण माझं डोकं फिरलं. तीस वर्षं ज्या बाईने तुमच्या माणसांच्या चादरी धुतल्या तिला तुम्ही हे म्हणालात. मी म्हटलं, "हो, नको असतात. झालं समाधान?" तुम्ही उठून बशी सिंकपाशी नेलीत आणि स्वतः विसळलीत, जे तुम्ही कधी करत नाही. मी दार ओढून घेतलं. दुपारी दोन वाजता लॅबमध्ये फोन आला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातलं फारसं आठवत नाही, आणि जे आठवतं ते लिहायचं नाही.

तुमचे लोक मात्र आले. गोडबोले बफेलोहून सरळ गाडी चालवत आले. पेठे, सुळे, ती सप्टेंबरातली आजी गेली पण तिचा मुलगा आला. सगळ्या खोल्यांत माणसं, हॉलमध्ये गाद्या, बाथरूमच्या बाहेर रांग. तुमच्या फोटोला फूल वाहायला मला माझ्याच घरात दोघांच्या मागे उभं राहावं लागलं. तिसऱ्या दिवशी मी कपाटात जाऊन उभी राहिले, तुमच्या शर्टांमध्ये, जरा एकटं मिळावं म्हणून, तर कोणीतरी हँगर शोधत आलं. तुम्ही गेल्यावरसुद्धा तुमच्यापाशी मला एकटीला बसता आलं नाही हो.

पण चार महिने राहिलेल्या त्या तीन मुलांतला प्रशांत, ज्याला तुम्ही ड्रायव्हिंग शिकवलंत, तो अमेरिकेतल्याच डब्लिनहून आठ-नऊ तास गाडी चालवत आला. आता टक्कल पडलंय, दोन मुली आहेत. त्याने शिडी काढून छताच्या कडेच्या पन्हळींतला सगळा पालापाचोळा काढला, गॅरेजचं दार दुरुस्त केलं आणि निघताना माझ्या पाया पडून म्हणाला, "काकू, मला माझ्या बापाने नोकरी गेल्यावर जेवढं धरून ठेवलं नाही तेवढं काकांनी ठेवलं." तेव्हा मात्र मला तुमचा अभिमान वाटला. हे तुम्ही असताना मी कधी बोलले नाही, आज लिहून ठेवते.

आज सकाळी घरात पहिल्यांदा कोणी नव्हतं. दहाच्या सुमाराला मी फाइल आणि फोन घेऊन टेबलाशी बसले. हॉटेलचा नंबर तुम्ही कोडसकट मोठ्या अक्षरात लिहिलाय. फ्रेंचमध्ये "रद्द" कसं म्हणायचं तेही लिहिलंय, म्हणजे तुमचा माझ्यावर भरवसा किती ते कळलं. मी नंबर फिरवणार तेवढ्यात फोन वाजला.

"हॅलो, काका आहेत का?" पोरीचा आवाज, लांबून आलेला.

"कोण बोलतंय?"

"मी नंतर करते."

"अनघा का?"

"बाप रे. काकू का? काकू, मी फोन केला असं काकांना सांगू नका हं. त्यांनी मला घरी फोन करायचा नाही म्हणून बजावलं होतं. पण ई-मेलला उत्तरच येईना, मला वाटलं बरं नाही की काय."

मी सांगितलं. सरळ सांगितलं, मला आता ते वाक्य पाठ झालंय. ती रडायला लागली. तुम्हाला जिने कधी पाहिलं नाही ती मुलगी पंधरा मिनिटं हमसून हमसून रडत होती आणि मी इथे बसून तिची समजूत काढत होते, पाणी पी म्हणत होते. घ्या. मरूनसुद्धा तुम्ही माझ्याकडे माणूस पाठवलंत.

मग मी विचारलं, "घरी फोन का नाही करायचा म्हणाले?"

"जाऊ दे ना काकू," ती म्हणाली. मी म्हटलं, "अगं, आता काय राहिलंय लपवायचं?"

"काकू, त्या मंगळवारी त्यांचा फोन आला होता. आमच्याकडे अडीच वाजले होते." म्हणजे इथले साडेआठ. मी दार ओढून गेले त्याला दहा मिनिटंही झाली नव्हती. "म्हणाले, हॉटेलच ठरलं. स्टेशनवर येऊ नको, खोली लावू नको. रविवारी मी एकटाच येतो तुझ्याकडे जेवायला, अकरा ते तीन. काकूंना सांगेन की पाय मोकळे करून येतो."

"एकटे?"

"मी पण तेच विचारलं. काकूंना का नाही आणत, म्हटलं. तर म्हणाले, तिला माणसं नको असतात गं. आज तिनेच सांगितलं. माझ्यापायी आयुष्यभर तिच्या घरात नुसती माणसं. तिथे तरी तिला चार तास एकटीला निवांत मिळू दे. तेवढं तर मला तिच्यासाठी करता येईल."

अहो, काय म्हणू तुम्हाला? तीन दिवसांतले चार तास तुम्ही मला देणार होतात, स्वतःला त्यातून काढून. चौतीस वर्षांत माझं एक वाक्य तुम्ही सरळ खरं धरलं नाहीत. लोणच्यात मीठ जास्त झालंय म्हटलं तर आणखी दोघांना विचारायचात. आणि जे एक वाक्य मी रागाने, किल्ली हातात घेऊन, तोंडाला येईल ते बोलले, ते तेवढं खरं धरलंत, त्यावर लगेच फोन केलात, माझ्यासाठी सोय केलीत, आणि तेच खरं मानून गेलात. तुम्हाला वाटलं तुम्ही हरलात आणि मी जिंकले. मला वाटलं होतं आपल्याला अजून तीन आठवडे भांडायला आहेत. आता घर रिकामं आहे, बेल वाजत नाही, आणि हे मला नको होतं हे सांगायला तुम्ही नाही.

अनघा तिकडून हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही या ना. खरंच या. हॉटेलातच राहा. मी भेटायला येणार नाही, त्रास देणार नाही. तुम्हाला एकटं राहायला आवडतं ते माहीत आहे मला."

तिलाही तुम्ही हेच सांगून ठेवलंत.

मी म्हटलं, "अनघा, त्यांची समजूत चुकीची होती. मला एकटीला नको होतं. मला ते हवे होते. तीन दिवस, फक्त ते आणि मी, दुसरं कोणी नाही, एवढंच होतं माझं."

ती म्हणाली, "मग हे तुम्ही त्यांना कधी सांगितलं नाही?"

"सोम्यूरला गेल्यावर सांगणार होते," मी म्हटलं.